सातव्या खेपेची मुंगी

१५ सप्टेंबर, सोमवार. शेलूबाजार

पोहोचलो, पोटभर जेवलो आणि खोलीही आवडली. नव्या वहीची सुरुवात याहून चांगली काय असणार!

सकाळी वाशीम स्टेशनवर खालिद जीप घेऊन आला होता. पुढचे काही महिने तोच मला शेतोशेती फिरवणार आहे. गाडी सुरू करतानाच त्याने विचारलं, की माझं काम नेमकं काय. मी सांगितलं, की पुण्याच्या एका संस्थेसाठी या भागातल्या किड्यांची यादी करायची आहे. किती जाती, कुठे राहतात, काय खातात, कोण कोणाला खातं. तो इतका हसला की गिअर चुकला. म्हणाला, "रवीभाऊ, आमी जनमभर किडे हाकलून राह्यलो, आन तुमाले ते मोजाचा पगार भेटते? एखादी जागा माह्यासाठी बी पाहा."

राहायची सोय दुलीचंदजींच्या घरात आहे. हायवेपासून दोन गल्ल्या आत. खाली धान्याचं दुकान आणि गोदाम, मागे अंगण, वर दोन खोल्या. दुलीचंदजी सत्तरीचे, कमी बोलणारे. पानाबाई त्यांच्याहून वयाने लहान आणि आवाजाने मोठ्या. मला मिळालेली खोली त्यांच्या नातवाची, अर्पितची; कपाटावर त्याचा फोटो लावलेला आहे. तो कुठे असतो, असं मी विचारलं तेव्हा पानाबाईंनी पोळीवर तूप वाढलं आणि दुलीचंदजी उठून हात धुवायला गेले. नको तिथे बोट लागलं असावं.

घराची अट एकच. इथे जीव मारायचा नाही; डास नाही, ढेकूणसुद्धा नाही. पानाबाईंनी सरळच विचारलं, की माझं काम किड्यांचं, तर मी त्यांना मारतो का. मी म्हणालो, फोटो काढतो. फोटो काढतो हे खरंच आहे. पण बॅगेत कापूस आणि औषध घातलेली, घट्ट झाकणाची बाटली आहे. कितीतरी भुंगेरे मारून, सुईवर टोचून, भिंगाखाली धरल्याशिवाय ओळखताच येत नाहीत. हे त्यांना कुठे समजावत बसू?

जिन्याखाली एक बंद खोली आहे. किल्ली पानाबाईंच्या कमरेला. सहज विचारलं तर म्हणाल्या, "आतमंदी जीव हायेत," आणि भाजी वाढायला लागल्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवसांत चौऱ्याऐंशी जाती. आज इंझोरीकडच्या सोयाबीनमध्ये होतो. लोकांना शेतात पीक दिसतं, मला मोहल्ला दिसतो. पानाच्या खाली मावा, माव्याचा गोड रस चाटायला मुंग्या, माव्याला खायला ढालकिडे, आणि ढालकिड्याच्या अंगात अंडं घालायला टपलेली तांदळाच्या कणाएवढी गांधीलमाशी. एका झाडावर इतक्या भानगडी. खालिदला दाखवलं तेव्हा त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, आमच्या गल्लीतसुद्धा इतकी भांडणं नाहीत.

संध्याकाळी दिवेलागणीला गच्चीवर पांढरी चादर आणि दिवा लावतो. चादर भरून जाते.

माझी नळीबाटली दुरुस्त करायला हवी. ही आमच्या धंद्यातली साधी वस्तू. छोट्या बाटलीला दोन रबरी नळ्या. एक किड्यावर धरायची, दुसरी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. किडा बाटलीत येतो. तोंडाकडच्या नळीला आतून मलमलीचा तुकडा बांधलेला असतो म्हणून तो घशात जात नाही. त्या मलमलीचा दोरा सैल झालाय. पानाबाईंकडून सुईदोरा मागायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. ताईचा फोन झाला. संगमनेरला पाऊस आहे. नेहमीप्रमाणे तिने विचारलं, की जेवतोस का, आणि तिथली माणसं कशी आहेत. चांगली आहेत म्हणालो. आई गेल्यापासून दर रविवारी ती हे दोन प्रश्न विचारते आणि मीही दर रविवारी तीच उत्तरं देतो.

अंगणाच्या भिंतीशी काळ्या मुंग्यांचं मोठं वारूळ आहे. पानाबाई रोज सकाळी तिथे चिमूटभर पीठ घालतात. वारुळापासून हातभर अंतरावर मुंग्यांचं कबरस्तान आहे. मेलेल्या मुंग्या आणून टाकायची जागा. मुंगी मेली की तिच्या बहिणींना लगेच कळत नाही. दोन दिवस तिला ओलांडून जातात. मग तिच्या अंगात एक तेलकट आम्ल तयार होतं, त्याचा वास सुटतो, आणि तेव्हा कुठे ती मेली असं ठरतं. वारुळात अंधार, तिथे डोळ्यांना किंमत नाही, वासाला आहे.

पुस्तकात वाचलेला प्रयोग आज करून पाहिला. मेलेल्या मुंग्या स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला आणि ब्रशच्या एका केसाने तो एका धडधाकट मुंगीला लावला. ती वारुळाच्या तोंडाशी पोहोचते न पोहोचते तोच दुसरीने तिला उचललं आणि कबरस्तानात नेऊन टाकलं. ती सहाही पाय झाडत होती, पण नेणारीला त्याचं काही नव्हतं. ती उठली, परत आली. पुन्हा उचललं. सहा वेळा नेलं, सहा वेळा ती चालत परत आली. पुस्तक म्हणतं, की मुंगी स्वतःला चाटूनपुसून स्वच्छ करते आणि वास गेला की बाकीच्या तिला पुन्हा आपलीच मानतात.

सातव्यांदा नेलं तेव्हा पानाबाईंनी जेवायला हाक मारली. परत येऊन पाहतो तर ती तिथेच, मेलेल्यांच्या मध्ये बसलेली. मिशा हलत होत्या. वाट मोकळी होती. तरी उठली नाही. का, ते कळलं नाही. तशी नोंद केली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज स्वतःच्या हाताने गाढवपणा केला. मुंग्यांच्या कबरस्तानात मोहरीएवढे भुंगेरे राहतात, मेलेल्यांवर जगणारे. ते हवे होते. ढिगाजवळ पालथा पडलो, नळी लावली आणि जोरात श्वास ओढला. मलमल निसटलेली. सुईदोरा मागायचा राहून गेला होता. सगळी धूळ थेट घशात आणि छातीत: वाळलेले पाय, डोकी, पंख, कसला तरी तेलकट भुगा. पाच मिनिटं खोकत होतो. पानाबाईंनी पाणी आणि गूळ दिला आणि विचारलं, "फोटू काढता काढता काय गिळलं जी?"

चव अजून जात नाही. खवट, खोबरेल तेल जुनं झाल्यावर येते तशी.

२५ सप्टेंबर, गुरुवार

खिडकीच्या गजांवर सकाळी सात हिरव्या माश्या. धातूसारखी चमक. मी उठलो तशा आत आल्या आणि उशीवर बसल्या. हाकलल्या, परत आल्या. संध्याकाळी चादरीवरही एकवीस. या माश्या दिव्याला येणाऱ्यांतल्या नव्हेत.

एकूण जाती एकशे बारा.

२८ सप्टेंबर, रविवार

करड्या, लाल डोळ्यांच्या मोठ्या माश्या आल्या. या अंडी घालत नाहीत, थेट जिवंत अळ्या टाकतात. एकीने माझ्या टॉवेलवर टाकल्या. गंमत म्हणून वाढवायला ठेवल्या. मग जेवताना आठवण झाली आणि घास हातातच राहिला.

शिकत असताना आम्ही शेताच्या कडेला मेलेलं एक डुक्कर जाळीत ठेवून महिनाभर त्यावरचे किडे मोजले होते. सगळे एकदम येत नाहीत. ठरलेल्या क्रमाने येतात, आधीच्यांनी जागा तयार केली की पुढचे. पहिल्या हिरव्या माश्या. मग करड्या. मग अळ्या खाणारे काळे भुंगेरे. मग निळे, लाल पायांचे. मग कातडं खाणारे. शेवटी केसांवर जगणारे बारीक पतंग.

घरात कुठेतरी काहीतरी मेलं आहे. उंदीर असेल. माळा पाहिला, गोदामाच्या कडा पाहिल्या. काही नाही. मला वासही येत नाही.

ताईला हे सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. दुकानात तराजूची पूजा झाली. मला कोणी खाली बोलावलं नाही.

काळे भुंगेरे आले. एकोणीस.

उंदरासाठी इतके येत नाहीत. उंदीर चार दिवसांत संपतो. हे मोठं काहीतरी आहे.

पानाबाई दोन दिवस झाले सकाळ-संध्याकाळ धूप जाळतात, जिना धुतात, वर येताना पदर नाकाला लावतात. म्हणजे त्यांना वास येतोय. मग बोलत का नाहीत? दुलीचंदजी माझ्या खोलीकडे पाहतात आणि मी पाहिलं की मान वळवतात. आज मी पुन्हा अर्पितचं नाव काढलं. त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं, की तो विषय या घरात संपलाय.

संपलाय, असा शब्द वापरला त्यांनी.

४ ऑक्टोबर, शनिवार

खालिदला जीपमध्ये सगळं सांगितलं. त्याने दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या होत्या आणि तो दाराला चिकटून बसला होता. बंद खोलीबद्दल तो म्हणाला, की तिथे काही नाही, गावाला माहीत आहे. धान्य चाळताना निघालेले सोंडे आणि पाखरं उन्हात टाकून मारायची नाहीत म्हणून ती मंडळी तिथे ठेवतात, वर त्यांना कणीही घालतात. "तुमी मारता, ते पोसते. ज्याचं त्याचं काम." मी मारतो हे त्याला माहीत आहे, म्हणजे गावालाही माहीत असणार.

अर्पितचं विचारलं तेव्हा त्याने रेडिओ मोठा केला.

मला इंझोरीला सोडून तो लगेच निघून गेला. उलटी आल्यासारखं होतंय म्हणाला. परत यायला दुसऱ्याची जीप शोधावी लागली. खालिद साक्षीदार होऊ इच्छित नाही, असं दिसतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

पानाबाईंना स्पष्ट म्हणालो, की मला ती खोली बघायची आहे. त्या भांडल्या नाहीत. किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि स्वतः बाहेर थांबल्या.

थंड, झाडलेली खोली. परड्यांमध्ये फुटकं धान्य आणि त्यात हजारो सोंडे, पाऊस लांबून ऐकू यावा तसा आवाज. बाकी काही नाही. एक हिरवी माशी नाही, एक काळा भुंगेरा नाही. पानाबाई दारातून म्हणाल्या, "आमी कोनालेच इथं मरू देत नाई, दादा." आणि मी बाहेर आल्यावर त्यांनी उंबऱ्यावर पाणी टाकलं.

मी उभा होतो तिथे.

ताईशी छान बोलणं झालं. ती म्हणाली, आवाज ओढलेला वाटतो, चार दिवस सुट्टी घे. फोनवर मी पूर्वीचाच आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

निळे आले. लाल पायांचे. क्रम चुकत नाही.

आज पद्धतशीर काम केलं. डिंक लावलेले पांढरे कागद सहा ठिकाणी ठेवले: गोदाम, अंगण, जिना, गच्ची, बंद खोलीचं दार आणि माझ्या खाटेखाली. सहा तासांनी मोजले. पाच कागद कोरे. खाटेखालचा भरलेला.

म्हणजे या खोलीतच. अर्पितच्या खोलीत.

भिंतीतल्या कपाटाची मागची फळी नवी आहे. उचकटली. मागे माणूस नव्हता, एक कागद होता. नेमणुकीचं पत्र, अर्पितच्या नावाचं, कीटकनाशक विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं. मधोमध फाडलेलं आणि चिकटपट्टीने परत जोडलेलं.

डासही न मारणाऱ्या घरातला नातू किडे मारायचं औषध विकायला निघाला. आजोबांनी पत्र फाडलं. मग काय झालं? विषय संपला, तो कसा संपला?

खोलीला आतून कडी लावून लिहितोय. ही माणसं ढेकूण मारत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणाचं ताट दोन दिवस दाराबाहेर ठेवत होते. आज ठेवलं नाही. खाली जाऊन विचारलं. पानाबाई चुलीपाशी होत्या. तीनदा विचारलं. त्यांनी डोळे पुसले आणि कणीक मळत राहिल्या.

केळी आणि शेंगदाणे खाल्ले.

११ ऑक्टोबर, शनिवार

पोलिसांकडे जावं म्हणून बसने वाशीमला निघालो. शेजारचा माणूस उठून मागे गेला. मग पुढची बाई. कंडक्टर आला, पुढच्याला तिकीट दिलं, मागच्याला दिलं. मी पैसे धरून हात पुढे केला होता. तो हात त्याने ओलांडला. आपण पायरीवरचा दगड ओलांडतो तसा.

वाशीमला उतरलो आणि बाकावर बसलो. शर्टाच्या बाहीवर एक निळा भुंगेरा. मग दोन. मग मांडीवर करडी माशी.

इथे वाशीमला दुलीचंदजींचं घर नाही. खोली नाही, कपाट नाही, खाट नाही.

फक्त मी आहे.

पोलिसांकडे गेलो नाही. काय सांगणार होतो?

१२ ऑक्टोबर, रविवार

ताईला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. म्हणाली, ताप असेल, तू काहीतरी विषारी हुंगलंस, मी येते. गुरुवारी सकाळी वाशीमला उतरते. मी लहान मुलासारखा रडलो. ती येईल, मला हलवेल, ओरडेल, दवाखान्यात नेईल. ती माझी बहीण आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळपासून अंगणात माणसं येऊन बसतात. पांढरे कपडे. फार बोलत नाहीत. थोडा वेळ बसून उठतात. दिवाळी पाच दिवसांवर आली, पण खाली तळणाचा वास नाही. शेजारणीने फराळाचं विचारलं तर पानाबाई म्हणाल्या, "घरात असं झाल्यावर कायची दिवाळी वो?"

काय झाल्यावर? मी वरून ओरडून विचारलं.

कोणी वर पाहिलं नाही.

दुपारी रिक्षा थांबली. बॅग घेतलेला एक तरुण मुलगा उतरला, पानाबाईंच्या पाया पडला आणि दुलीचंदजींपुढे मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग दोघंही रडले. अर्पित. जिवंत. धडधाकट.

कपाटावरच्या फोटोतलंच तोंड, नीट पाहिलं. तोच आहे.

मग या घरात मेलंय कोण?

अर्पितने विचारलं, "कवा झालं, दादी?"

पानाबाईंनी माझ्या खिडकीकडे बोट केलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शांतपणे विचार करायचा.

नाडी पाहिली. बहात्तर. आरशावर श्वासाची वाफ धरते. भूक लागते. मी मेलेलो नाही.

खालिदला फोन केला. तो नेहमीसारखा बोलला. कुठे आहात रवीभाऊ, किती दिवस फोन नाही, जेवायला घरी या, आत्ता येतो म्हणाला. हसलासुद्धा. आला. जिना चढला. दारापर्यंत आला आणि थांबला. रुमाल नाकावर. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी डोळ्यांत. मग डोळे मिटले, हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटला आणि खाली गेला. खाली कोणाला तरी म्हणाला, "अबी तर बोलले माह्याशी. फोनवर. अबी."

फोनवर वास जात नाही.

वारुळात डोळ्यांना किंमत नाही.

तेच. तेच झालंय. ती धूळ —

दोन तास अंघोळ केली. साबण, राख, लिंबू, स्पिरिट. कातडी सोलवटली. बाहेर आलो तर खाटेवर कातडं खाणारे भुंगेरे वाट पाहत बसलेले.

मुंगी स्वतःला बाहेरून चाटते. माझ्या तर छातीत आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ताईला थांबवायला हवं.

हे आधी का सुचलं नाही? ती लांब आहे म्हणून तिच्यासाठी मी आहे. दर रविवारी जेवतोस का, माणसं कशी आहेत. जन्मभर पुरलं असतं तेवढं. ती इथे आली की —

फोन लावतोय. गाडीत असणार. रेंज नाही.

सतरा वेळा लावला.

मेसेज पाठवला, येऊ नकोस. पोहोचला की नाही दिसत नाही.

अठरा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आली.

रिक्षातून उतरतानाच हाक मारली तिने. रवी! मोठ्याने, रागाने, घरी मारायची तशी. मी दाराला आतून खाट लावली. ओरडून सांगितलं, ताई, खालीच थांब, फोनवर बोलू, वर येऊ नकोस. ती जिन्यावर होती. आठ पायऱ्या. मग नववी.

थांबली.

अर्पितने दार ढकललं. ती आत आली. कपाळावर हात ठेवला. मी तिची बोटं धरली, घट्ट, लहानपणी धरायचो तशी. तिने एकेक बोट सोडवलं. हळूच, दुखू नये असं.

म्हणाली, "रविवारी बोलला हो माझ्याशी."

सगळे म्हणाले, हो ना. असंच असतं.

१७ ऑक्टोबर

अंगणात आणून निजवलं. मी उठलो, जिना चढून वर आलो. कोणी किंचाळलं नाही.

परत नेलं.

परत आलो.

ताईने केस नीट केले माझे. मी बोलत होतो. पूर्ण वेळ बोलत होतो. आईचं बोललो, तिच्या स्वयंपाकाचं बोललो.

तिसऱ्यांदा.

वही खिशात आहे. पेन्सिल आहे.

दुपार

चौथ्यांदा खालिदच्या जीपमध्ये. त्याने पाय धरले होते. रडत होता. मी लाथ मारली, त्याच्या छातीत लागली, त्याने पाय नीट धरले. गावाबाहेरून चालत परत आलो. उन्हात. दोन किलोमीटर. रस्त्यात हायवेवरच्या टायरच्या दुकानासमोर माणसं उठून उभी राहिली, मेलेल्याला वाट द्यावी तशी.

पाचव्यांदा. पाय सोलले.

ताई अंगणात एका जागी बसलीय. दर वेळी मी परत आलो की तिचं तोंड पहिल्यांदाच कळल्यासारखं होतं. दर वेळी नव्याने. मी आलो की ती नव्याने रडते.

सहाव्यांदा येताना तेच पाहायचं होतं, आणि तेच —

पतंग आले. बारीक. केसांत.

ऊन उतरताना

सातव्यांदा. लाकडं रचताहेत. जड नाहीत. ढकलून उठता येईल. वाट मोकळी आहे, कोणी अडवत नाही, कधीच अडवलं नाही.

ताई लांब उभी आहे. आता रडत नाहीये. खूप दिवसांनी विसावा मिळाला अशी खाली टेकली.

मी उठलो तर ती पुन्हा —

मिशा हलत होत्या. वाट मोकळी होती. तरी ती का उठली नाही, ते आता मला क